पाटलाची म्हैस आणि माझी एम.एस्सी.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत पूजा होती. मधलं टेबल आवरून त्यावर पाट मांडला होता. पाटावर मायक्रोस्कोप. जर्मन बनावटीचा, पितळी. लढाईमुळे तसा दुसरा मिळणं बंद झालं होतं, म्हणून सर त्याला देवासारखं जपायचे. त्या दिवशी तर तो देवच झाला होता. नळीला झेंडूची माळ. भोवती तराजू, जाड इंग्रजी पुस्तकं, काचेची भांडी. आणि सर. विलायतेहून डॉक्टरेट घेऊन आलेले प्राणिशास्त्रज्ञ. उघड्या अंगानं, सोवळं नेसून, मायक्रोस्कोपाला हळदकुंकू वाहत होते.

मी बेसिनपाशी ट्रे धूत होतो. हात पुसले आणि पूजेला उभं राहायला पुढं आलो. सरांनी मंत्र थांबवला.

"तू नको इकडे. दारातून नमस्कार कर. पोचतो."

मी दाराकडे गेलो. उंबऱ्याबाहेर एक फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. माझ्या सुऱ्या, कात्र्या, चिमटे, हाड कापायची करवत. माझ्याआधीच त्यांना बाहेर काढलं होतं. इनामदार नावाचा माझ्याबरोबरचा विद्यार्थी समई सारखी करता करता म्हणाला, "ती ढोरं फाडायची हत्यारं पूजेत कशाला?"

शस्त्रं पुजायचा दिवस. आणि शस्त्रं तेवढी बाहेर. शस्त्रं आणि मी.

आरती झाली. इनामदारानं एका कागदावर पेढा ठेवला, कागद फरशीवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. साताऱ्याचा कंदी पेढा. मी उचलून खाल्ला. सर सोवळ्याचा काष्टा सावरत म्हणाले, "परवा सकाळी खाटकाकडून ताजी काळजं आणायची आहेत. विसरशील."

मी म्हणालो, "नाही विसरणार, सर."

अपमान झाला हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. पेढा मिळाला एवढं कळलं.

मी कृतज्ञ माणूस होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रहिमतपूरच्या शाळेत मी वर्गाबाहेर पडवीत बसून शिकलो. मास्तर खिडकीजवळ येऊन मोठ्यानं शिकवायचे, म्हणजे मला ऐकू जावं. मी त्यांचा आभारी होतो. त्यांनी मला आत का नाही घेतलं, हे मी कधी विचारलं नाही. साताऱ्याच्या बोर्डिंगात भाकरी मिळाली, मी भाकरीचा आभारी होतो. बी.एस्सी.ला मायक्रोस्कोपापाशी माझी पाळी सगळ्यांत शेवटी यायची, घंटा होता होता. घंटेच्या आधी आली म्हणून मी त्या घंटेचाही आभारी होतो. आभार मानून मानून माझी मान तशीच पुढं वाकलेली राहिली होती. लोकांना वाटायचं, मुलगा नम्र आहे.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. घरात कसला, अख्ख्या महारवाड्यात.

ही प्रयोगशाळा सांगलीत एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या देणगीतून निघाली होती. तिथं संशोधन करून एम.एस्सी. करायला युनिव्हर्सिटीनं परवानगी दिली होती. सरांनी मला ठेवून घेतलं, तेव्हा मी त्यांच्या पायांपासून हातभर लांब वाकलो. पायाला हात लावायचा नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सर म्हणाले, "विज्ञानाला जात नसते." मला रडू आलं. हेच वाक्य पुढं ते दर व्याख्यानात म्हणायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मी उठून उभा राहायचो. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या सरांना असायच्या. मग मी खाली बसायचो.

संशोधनाचा विषय होता लिव्हर फ्लूक. पानासारखा चपटा किडा. गुरांच्या आणि मेंढ्यांच्या काळजात, म्हणजे यकृतात, पित्ताच्या नळ्यांत राहतो. जनावर आतून खंगत जातं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, दूध आटतं, एक दिवस बसतं ते उठत नाही. कृष्णाकाठच्या पाणथळ गवतात हा रोग फार. माणसालाही क्वचित होतो. हा किडा जनावराच्या पोटात कसा शिरतो, कुठं अडवता येईल, हे शोधायचं होतं. विषय चांगला होता. मी आजही म्हणतो, चांगला होता. माझ्या आजोळी त्या रोगानं एका कुणब्याची गाय मेली होती आणि ती कुणाच्या नजरेनं मेली यावरून दोन चुलतभावांत डोकी फुटली होती. मला वाटायचं, आपण हे शोधून काढलं तर निदान डोकी फुटायची राहतील.

काम असं वाटलेलं होतं. मेलेलं जनावर आणायचं मी. फाडायचं मी. काळीज काढून, चिरून, नळ्या उलगडून किडे वेचायचे मी. किड्याची अंडी पाण्यात घालून उबवायची मी. भांडी धुवायची मी. मग काचेच्या पट्टीवर थेंब ठेवून ती पट्टी ट्रेमध्ये ठेवायची आणि मागं सरकायचं. तिथून पुढं मायक्रोस्कोप. तिथून पुढं सर आणि इनामदार. सर बघायचे, इनामदार लिहायचा.

तिसरा होता मगदूम. शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. चित्रं सुंदर काढायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सरांना सांगितलं, "सर, आमच्यात हिंसा चालत नाही. मी फाडणार नाही." सर लगेच म्हणाले, "बरोबर आहे. धर्म आहे तुझा. तू चित्रं काढ." मगदूम खोटा नव्हता. मुंगीला चुकवून पाय टाकणारा माणूस. इनामदारानं तर नाहीही म्हटलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही. त्याच्या हाताला रक्त लागेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. आणि मलाही कुणी विचारलं नाही. मी सुरी धरणार, हे सगळ्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं.

सर पाहुण्यांना सांगायचे, "याचा हात बघा. उपजत आहे. शिकवून येत नाही हे."

मी बी.एस्सी.ला बेडूक, उंदीर, शार्क फाडून फाडून हात बसवला होता. बोटं कापून घेतली होती. पण नाही. उपजत. म्हणजे शिकलो त्याचं श्रेय गेलं आणि जात तेवढी उरली. पाहुणे कौतुकानं माझ्या हातांकडे बघायचे. बैलाचे दात बघतात तसे.

अंड्यातून जी अळी निघते, ती मला बघायची होती. पुस्तकात वाचलं होतं. अंगभर बारीक केस, पाण्यात भिरभिर फिरते, गोगलगाय शोधते, सापडली की तिच्या अंगात घुसते. नाही सापडली तर दिवसभरात मरते. मी भांड्यात गाळ, पाणी, उजेड, सगळं सांभाळून ती अंडी उबवत होतो. एकदा सकाळी आतून सरांचा आवाज आला, "अरे वा! निघाल्या! काय सुंदर पोहतायत!" इनामदार ओरडला, "मला, सर, मला!" मगदूमनं बघितलं, चित्र काढायला घेतलं. मी दाराशी उभा. म्हणालो, "सर, एकदा बघू का?"

सर डोळा न काढता म्हणाले, "पुस्तकात वाचलंयस ना? तशीच आहे."

इनामदार हसला. "अंडी तू उबवलीस, पण आई म्हणत नाही अजून तुला. बोलायला लागली की हाक मारतो."

त्या खंडेनवमीनंतर एक मजा झाली. मजाच म्हणायची. सर माझ्यावर खवळले. प्रत्येक पट्टीवर तांबडं काहीतरी दिसतंय, तुझ्या हाताला रक्त असतं, नीट धूत नाहीस, तुम्हा लोकांना स्वच्छता सांगून कळायची नाही, वगैरे. मी पट्ट्या परत केल्या. परत तांबडं. मी हात सोड्यानं घासले, कातडी निघाली. परत तांबडं. सरांनी त्या तांबड्या कणांची नोंदसुद्धा घ्यायला लावली, न जाणो काही नवीन असलं तर. शेवटी एक दिवस त्यांच्याच बोटाला लागलं. मायक्रोस्कोपाच्या वरच्या भिंगावर त्यांनीच वाहिलेलं कुंकू तेलात कालवून बसलं होतं. विलायतेचा डॉक्टर इतके दिवस आपल्याच कुंकवातून किडे बघत होता. इनामदार पोट धरून हसला, सरही हसले. "देवीनं परीक्षा घेतली हो!" म्हणाले. भिंग पुसलं. माझी कातडी निघाली होती ती निघाली. तिच्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

तरी मी गेलो नाही. का नाही गेलो? एम.एस्सी. माझं एम.एस्सी.चं नाव युनिव्हर्सिटीत नोंदवायला सरांची सही लागत होती. इनामदाराचं नाव पहिल्या महिन्यातच गेलं. मला सर म्हणायचे, "तुझं हाताचं काम इतकं आहे, हा हंगाम जाऊ दे. मग करतो सही." हंगाम गेला. दुसरा आला. मी सहीची वाट बघत होतो. सही झाली की मी संशोधक. मग मायक्रोस्कोप मलाही. असं मला वाटायचं. मी घरी जायचो तेव्हा बाप विचारायचा, "कवा हुतोस यमेस्सी?" मी सांगायचो, "पुढच्या साली." बाप महारवाड्यात जाऊन सांगायचा, "फुडल्या साली."

माझ्या बापाविषयी सांगायला हवं. मी साताऱ्याला शिकत असताना आमच्या लोकांची मोठी सभा झाली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, खायचं नाही, असं ठरलं. पुष्कळांनी हात वर केले. हात वर करणं सोपं असतं. परत आल्यावर आठवड्यात पाटलाचा बैल मेला आणि बोलावणं आलं. बाप गेला. चावडीपुढं उभा राहून म्हणाला, "आजपातूर वडलं. आता वडनार न्हाई. तुमचं हाय, तुमी वडा."

गावानं बलुतं तोडलं. वाण्यानं मीठ देणं बंद केलं. पांदीतनं जायची वाट काट्या टाकून बंद केली. आमच्या बायका ओढ्याच्या खालच्या अंगाचं पाणी आणायच्या, गुरं बसायची तिथलं. त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण हगवणीनं गेली. तेव्हा सगळे देवीचा कोप म्हणाले. पुढं बी.एस्सी.ला पाण्यातल्या जंतूंचा धडा आला, तेव्हा मी वर्गात बसल्या बसल्या तिला परत एकदा मरताना बघितलं. एवढं होऊन बापानं दोर हातात घेतला नाही. पाटील दुसऱ्या गावची माणसं बोलवायला लागला. पुढं त्या गावांनीही सोडलं.

हा माझा बाप. आणि मी सांगलीला रोज तेच करत होतो. खाटकाच्या मागच्या दारानं, गुरांच्या दवाखान्याच्या आवारातून, नदीकाठच्या खड्ड्यातून मेलेली जनावरं आणत होतो. पण मला ते कधी तसं दिसलं नाही. कारण त्याला इंग्रजी नाव होतं. मी अंगात पांढरा कोट घालायचो. बापाच्या अंगावर घोंगडं होतं, एवढाच फरक. पण मला तो पृथ्वीएवढा वाटायचा.

थंडीच्या दिवसांत एकदा सर सकाळीच खुशीत होते. म्हणाले, "तुझ्या गावाकडे रोग जोरात आहे. तुमच्या पाटलाची तार आली, त्याची म्हैस गेली आज पहाटे. इनामदाराच्या ओळखीचा आहे तो. ताजं काळीज मिळेल. चल, तुलाही घरी जायला मिळेल." आणि मग, सहज म्हणावं तसं, "एवढं काम झालं की तुझा अर्ज पाठवून देऊ."

मी इस्त्रीचा शर्ट घातला. आम्ही गाडीनं रहिमतपूर स्टेशनावर उतरलो. सर, इनामदार, मगदूम आणि मी. मायक्रोस्कोपाची पेटी इनामदाराच्या मांडीवर, हत्यारांचं गाठोडं माझ्या. पुढं पाटलानं पाठवलेली बैलगाडी. मी मागं पाय सोडून बसलो होतो आणि मनातल्या मनात बापाशी बोलत होतो. दादा, औंदा नक्की.

पाटलाच्या वाड्यामागच्या परड्यात म्हैस पडली होती. पोट फुगलेलं. आसपास बरीच माणसं. परड्याच्या कुडापलीकडे, वाटेवर, आमची माणसं उभी होती. त्यांत माझा बाप. मला बघून त्याचा चेहरा फुलला. मी हात जोडले. त्यानं शेजारच्याला कोपर मारलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझा शर्ट दाखवत होता बहुतेक.

पाटील पुढं आला. "या, या. आला का आमचा सायब? लय ब्येस झालं." माझ्याकडे बघून म्हणाला, "तुज्या बानं हात आखडलं रं, पर तू शिकून शाना झालास गड्या. येवढी शाळा शिकून जाग्यावर आलास."

माणसं हसली. मला अजून कळलं नव्हतं. मी गाठोडं सोडायला लागलो. सर म्हणाले, "इथं नाही. पाटलांच्या परड्यात फाडायचं नाही. आधी ही गावाबाहेर ओढ्याच्या खड्ड्यावर न्यायची आहे."

"कोण नेणार, सर?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दोन आणि दोन किती म्हणून विचारलं होतं.

पाटलानं दोर आणला. नवा काथ्याचा दोर. माझ्या पायापाशी टाकला. "तुमच्या सायबांनीच आदी कागद धाडून सबूद दिलाय. म्हनलं, माझा मानूस वडून बी न्हेईल आन् फाडून बी दिईल. तवा कुटं म्या म्हशीला हात लावू देतोय." मग कुडाकडे वळून मोठ्यानं ओरडला, "बगा रं! तुमचंच प्वार वडतंय! आता तुमास्नी कसली लाज?"

म्हणजे हा सौदा होता. सरांना काळीज हवं होतं आणि पाटलाला आमची मान. सरांनी देऊन टाकली. त्यांची नव्हतीच ती.

मी दोर उचलला. हो, उचलला. वाकून वाकून सवय झालेलं शरीर आपोआप वाकतं. दोर हातात आला आणि मी वर बघितलं, तर बाप कुडाशी आला होता. तो माझ्याशी बोलला नाही. सरांशी बोलला.

"आवं मास्तर, ह्या पोराला तुमी काय शिकिवलं?"

सर म्हणाले, "विज्ञान."

"मग दोर कशापायी दिला त्येच्या हातात?"

सर माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "यांना बाजूला जायला सांग. वेळ जातोय. काळीज खराब होईल."

यांना. माझ्या बापाला यांना बाजूला जायला सांग. बाप ज्या परड्याच्या आत येऊ शकत नव्हता, त्याच्या बाहेरून त्याला आणखी बाजूला करायचं होतं.

मी दोर खाली टाकला.

"मी फाडतो, सर. आत्ता फाडतो. पण ओढायची तर चौघांनी ओढू. तुम्ही, मी, इनामदार, मगदूम. संशोधन चौघांचं आहे."

पाटील खदखदून हसला. "आरं तिच्या! बामन म्हस वडनार व्हय?"

"आणि खड्ड्यावर मायक्रोस्कोप मांडायचा," मी म्हणालो. "जो फाडेल तोच आधी बघेल. मग तुम्ही."

सरांचा चेहरा बदलला. दोन हंगामांत मी त्यांना इतकं मोठं वाक्य बोललो नव्हतो. ते हळू आवाजात म्हणाले, "भावनेच्या आहारी जाऊ नकोस. या रोगावर इलाज सापडला तर गरिबांचीच गुरं वाचणार आहेत. तुझ्याच लोकांची."

"माझ्या लोकांकडे म्हशी नाहीत, सर. पाटलांकडे आहेत. त्यांची पोरं धडधाकट आहेत. त्यांना सांगा ओढायला. रोग त्यांच्या गोठ्यात आहे."

"उपकार विसरलास?"

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. तो ऐकला की मी हात जोडायचो. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो नीट ऐकला. कसले उपकार? शिकायला बसू दिलं हा उपकार. बसू दिलं म्हणजे बाहेर. काम दिलं हा उपकार. काम म्हणजे जे तुमच्यातला कुणी करेना ते. आणि सगळ्यांत मोठा उपकार, जो कायम उद्यावर होता. सही.

मी मगदूमकडे बघितलं. तो अर्धं पाऊल पुढं आला होता. खरंच आला होता. मेलेलं जनावर ओढण्यात कसली हिंसा? सरांनी त्याच्याकडे नुसती मान वळवली. मगदूम खाली बघायला लागला. माणूस चांगला होता. मला भेटलेल्या चांगल्या माणसांचं हेच होतं. ऐन वेळी ती खाली बघायची.

इनामदार पेटी छातीशी धरून उभा होता. म्हणाला, "ए, नाटक पुरे. ओढ ना गुपचूप. तुझा बाप ओढत होता, आजा ओढत होता, तुलाच काय धाड भरली?"

मी त्याला म्हणालो, "तू आण तो मायक्रोस्कोप इकडे. ही म्हैस बघ त्यातून. तुला नेमकं काय ओढायचंय ते मोठं होऊन दिसेल."

कुडापलीकडे कुणीतरी फस्सकन हसलं. मग बाकीचे. आमची माणसं गावच्या परड्यासमोर मोठ्यानं हसल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पाटलाचा हात काठीकडे गेला. सरांनी त्याला थांबवलं. विलायतेचे ना. शोभलं नसतं.

सर मला म्हणाले, "परत माझ्या दारात येऊ नकोस. एम.एस्सी. विसर. या जन्मी तरी विसर."

मी गाठोडं त्यांच्यापुढं धरलं. "ही घ्या. हत्यारं तुमची आहेत."

त्यांनी हात पुढं केला नाही. करणार नव्हतेच. मग मी ते म्हशीच्या पोटावर ठेवलं आणि कुडाच्या बाहेर आलो.

सर संध्याकाळच्या गाडीनं गेले. काळीज न घेता. स्वतःच्या संशोधनासाठी स्वतःचा हात एकदा मळवायचा होता. तेवढं झालं नाही. इलाजाच्या, गरिबांच्या गुरांच्या गोष्टी करणारा माणूस एका म्हशीच्या चार पायांपुढं हरला. आणि म्हैस? दुसऱ्या दिवशी वास सुटला, तेव्हा पाटलाच्या थोरल्या पोरांनी नाकाला फडकी बांधून ती ओढली. सांजच्याला ओढ्यात अंघोळी केल्या. जात कुणाची गेली नाही. आभाळ कोसळलं नाही. एवढ्यासाठी माझी बहीण मेली होती.

मला त्या काळजाचं वाईट वाटलं. हे खरं आहे, म्हणून लिहितो. ते किडे आत गार होत होते, अंडी होती, हंगामातलं सगळ्यांत ताजं काळीज होतं. विद्येचं नुकसान झालं. पण ते माझ्यामुळं झालं असं कुणी म्हणू नये. मी फाडायला तयार होतो. मला फाडण्याची लाज नाही. ज्याला माणसाच्या नाहीतर जनावराच्या शरीरात काय आहे हे जाणायचं आहे, त्याला हात घालावाच लागतो. लाज त्यांची आहे ज्यांना जाणायचं आहे पण हात दुसऱ्याचा घालायचा आहे.

घरी आल्यावर बाप जेवायला बसला. भाकरी खाताना म्हणाला, "मग आता यमेस्सी?"

"नाही होणार, दादा."

त्यानं घास चावला, गिळला. "व्हय," म्हणाला. नुसतं व्हय. खोटं सांगत नाही, त्याला फार लागलं होतं. महारवाड्यात त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझ्या पाठीवर हात वगैरे त्यानं ठेवला नाही. आमच्यात तसं नसतं.

पुढच्या महिन्यात मगदूम साताऱ्याला मला शोधत आला. मी एका शाळेत शिकवायला लागलो होतो. सरांचा निरोप घेऊन आला होता. दारात उभा राहून चाचरत म्हणाला, "सरांचं काम अडलंय रे. नवा कुणी टिकत नाही. सर म्हणालेत, सगळं विसरायला तयार आहेत. तू फक्त माफी माग, चारचौघांत. सही करतील. आणि अधूनमधून मायक्रोस्कोपही बघू देतील."

"अधूनमधून?"

"हो, असं म्हणाले. खरंच. मी म्हटलं त्यांना, त्याला बघू द्या, तर लगेच हो म्हणाले." त्याला वाटत होतं, त्यानं माझ्यासाठी काहीतरी मिळवलंय.

आधीचा मी असतो तर रडलो असतो. अधूनमधून या शब्दाचे आभार मानले असते.

मी मगदूमला पाणी दिलं. त्यानं ते प्यायलं, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. मग सांगितलं, "सरांना सांग, माफी मागायची असेल तर त्यांनी माझ्या बापाची मागावी. आमच्या दारात येऊन. मग मी येईन. पहिल्या दिवशी ते फाडतील, मी बघेन. दुसऱ्या दिवशी मी फाडेन, ते बघतील. असं जमत असेल तर संशोधन. नाहीतर ते काम गावातल्या ढोर ओढण्यासारखंच आहे. आम्ही ते सोडलंय."

"असं कसं सांगू मी त्यांना?" मगदूम म्हणाला.

"वर बघून सांग."

तो गेला. सर आले नाहीत. येणार नव्हते. माझी सही झाली नाही, एम.एस्सी. झाली नाही. ती अळी मी अजून पाहिलेली नाही.

पण एक ठरलेलं आहे. मला शिकायचं आहे आणि मी शिकणार आहे, मुंबईत म्हणा, नागपूरला म्हणा, जिथं दार उघडेल तिथं. नाही उघडलं तर लाथ घालीन. आभार मानणार नाही. मला शिकवणं हा कुणाचा उपकार नाही, ते त्यांचं थकलेलं देणं आहे. ज्या टेबलाशी माझे हात चालतात आणि माझे डोळे चालत नाहीत, त्या टेबलाशी मी उभा राहणार नाही. माझ्या शाळेत महारवाड्यातली, मांगवाड्यातली पोरं येतात. त्यांना मी वर्गात बसवतो, पुढच्या बाकावर, आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. कुणी हातात दोर दिला की आधी विचारायचं, दुसरं टोक कुणी धरलंय?

कुणीच नसेल तर टाकून द्यायचा.